येडशी ते परळ: रक्तातल्या एका प्रथिनाचा माग

धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या रामलिंग घाटाभोवतीच्या रानात घोणस काही नवलाची नाही. सोयाबीनची काढणी झाली, शेतात गंजी लागल्या की उंदरांमागे ती येते, आणि अंधारात कुणाचा तरी पाय तिच्यावर पडतो. अशा माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्रात आणलं की तिथं आधी एक जुनी तपासणी होते. स्वच्छ, कोरडी काचेची नळी घ्यायची, शिरेतून काढलेलं दोन मिलिलिटर रक्त तिच्यात सोडायचं आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी नळी एकदाच तिरकी करायची. रक्ताचा गोळा जागच्या जागी राहिला तर ठीक. रक्त वाहत नळीच्या तोंडाशी आलं तर विषानं रक्त गोठवणारी प्रथिनं संपवून टाकली आहेत असं समजायचं आणि प्रतिविष सुरू करायचं. वीज नको, यंत्र नको. नळी मात्र काचेचीच हवी. प्लास्टिकच्या नळीत रक्त उशिरा गोठतं आणि निदान फसतं.

ही नळी एवढंच सांगते की रक्त गोठतंय किंवा गोठत नाही. का गोठत नाही, नेमकं काय कमी पडलंय, हे तिला विचारून उपयोग नाही. साप चावलेल्या माणसाचं कारण समोरच असतं. पण रांगायला लागताच ज्याचा गुडघा सुजतो ते पोर, दात पडल्यावर दोन दिवस हिरडीतून रक्त येणारी मुलगी, दहा-दहा दिवस पाळी न थांबणारी बाई, यांच्यापैकी कित्येकांचं रक्त त्या नळीत वीस मिनिटांच्या आत व्यवस्थित साकळतं. आजार असतोच, पण या नळीला तो दिसत नाही. तो दिसायला हवा असेल तर रक्तातल्या शेकडो प्रथिनांमधून नेमकं एक ओळखून काढणारं हत्यार लागतं. ते हत्यार म्हणजे प्रतिपिंड. करोनानंतर घरोघरी त्याला अँटीबॉडी म्हणू लागले. या प्रतिपिंडांनी रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांचा माग कसा काढला, त्यात परळच्या एका संस्थेनं काय केलं आणि ती विद्या धाराशिवकडे किती सावकाश आली, त्याची ही हकिकत.

*

प्रतिपिंडं आधी औषध म्हणून आली. १८९० साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिलं की धनुर्वाताचं विष थोडं थोडं टोचलेल्या जनावराच्या रक्तद्रवात ते विष निकामी करणारं काहीतरी तयार होतं आणि तो रक्तद्रव दुसऱ्या जनावराला दिला तर तेही वाचतं. काही वर्षांतच हीच युक्ती सापाच्या विषावर वापरली गेली. घोड्याला विषाच्या वाढत्या मात्रा टोचायच्या, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होऊ द्यायची आणि ती वेगळी काढून बाटलीत भरायची. मुंबईत हे काम परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये झालं. वाल्देमार हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा १८९९ साली त्या वाड्यात आली आणि १९२५ साली तिला हाफकिन यांचंच नाव मिळालं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारं प्रतिविष खेड्यापाड्यांत पोचलं ते अशाच कामातून.

घोणशीच्या विषाची दुसरी बाजूही याच काळात पुढं आली. हे विष रक्त गोठवण्याच्या साखळीतल्या पाचव्या आणि दहाव्या घटकाला एकदम चेतवतं. अंगभर बारीक गुठळ्या होत जातात, गोठवण्याचा कच्चा माल संपतो आणि मग रक्त गोठेनासं होतं. म्हणजे वाहणाऱ्या जखमेवर तेच विष अगदी पातळ करून लावलं तर रक्त थांबायला हवं. १९३४ साली लंडनमध्ये रॉबर्ट मॅकफार्लेन आणि प्राणिसंग्रहालयात सापांची देखरेख करणारे बर्जेस बार्नेट यांनी दहा हजार पट पातळ केलेलं घोणशीचं विष हिमोफिलियाच्या रुग्णांच्या जखमांवर लावून पाहिलं, आणि रक्त थांबलं. आपल्या बांधावरच्या सापाचं विष आजही जगभरच्या प्रयोगशाळांत रक्त गोठण्याच्या तपासण्यांसाठी वापरलं जातं.

औषध म्हणून प्रतिपिंडाचा उपयोग मोठाच, पण त्याहून मोठा त्याचा चोखंदळपणा. नागाच्या विषावरचं प्रतिपिंड नागाचंच विष धरतं. हा गुण हेरून संशोधकांनी प्रतिपिंडाला शोधाच्या कामाला जुंपलं. मुंबईत या शोधकामाचा पाया रक्तगटांच्या अभ्यासात घातला गेला. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांनी ब्रिटिश सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्याच रक्तगटाची नोंद प्रसिद्ध केली. त्या माणसांचं रक्त वरवर पाहता ‘ओ’ गटाचं वाटत होतं, पण त्यांच्या रक्तद्रवातली प्रतिपिंडं ‘ओ’ गटाच्या पेशींनाही चिकटत होती. ‘ए’, ‘बी’ आणि ‘ओ’ या सगळ्यांच्या मुळाशी असलेला ‘एच’ हा पदार्थच त्यांच्या पेशींवर नव्हता. हाच तो बॉम्बे रक्तगट. जी वस्तू नाही तिचा पत्ता लावायचा, आणि तोही ती वस्तू धरणाऱ्या प्रतिपिंडांच्या वागण्यावरून, ही रीत परळमध्ये त्या दिवसांपासून रुळली. १९५७ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र उभं केलं. केईएम रुग्णालयाच्या आवारातली आजची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी, बोलण्यातली एनआयआयएच, ही त्याच केंद्राची पुढची वाढ.

ज्या वर्षी बॉम्बे रक्तगट छापून आला त्या वर्षी येडशी मुंबई राज्यात नव्हती. उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा, हैदराबाद राज्यात होता. घाट उतरून गेलं की लागणारी बार्शी मात्र आधी इंग्रजांच्या आणि मग मुंबईच्या अमलातली. दोघांना जोडणारी होती बार्शी लाइट रेल्वे. अडीच फूट रुंदीची ही लोहमार्गाची वाट १८९७ साली कुर्डुवाडीजवळच्या बार्शी रोड स्टेशनापासून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि येडशीवरून १९११ साली लातूरला पोचली. येडशीच्या माणसाला परळला जायचं तर छोट्या गाडीनं कुर्डुवाडी, तिथं गाडी बदलून मोठ्या गाडीनं मुंबई. गूळ, भुसार, कापूस असा सगळा माल त्या वाटेनं जात होता. नळीतलं रक्त मात्र त्या वाटेनं जाऊ शकत नव्हतं. त्याचं कारण पुढं येईलच.

*

रक्त न थांबण्याचा एक आजार पूर्वापार माहीत होता: आईकडून मुलाकडे जाणारा, बहुतेक मुलग्यांनाच होणारा हिमोफिलिया. सांध्यात रक्त साकळतं, गुडघा-कोपर सुजून ताठ होतं, लहानपणीच अपंगत्व येतं. सर्वसाधारणपणे पाच हजार मुलग्यांत एकाला त्याचा मुख्य प्रकार, हिमोफिलिया ए, होतो. त्यात रक्त गोठवणाऱ्या साखळीतला आठवा घटक, फॅक्टर ८, कमी असतो किंवा मुळीच नसतो.

१९२४ साली फिनलंडच्या अखत्यारीतल्या आलांड बेटांवरून पाच वर्षांची एक मुलगी हेलसिंकीच्या डॉ. एरिक फॉन विलेब्रँड यांच्याकडं आली. नाक, ओठ, जखम, जिथून रक्त सुरू होई तिथं ते थांबत नसे. घरातल्या बहिणीही अशाच गेल्या होत्या. डॉक्टरांनी त्या कुळातल्या ६६ जणांची माहिती गोळा केली, तर २३ जणांना रक्तस्रावाचा त्रास होता आणि त्यांत बाया जास्त. हा हिमोफिलिया नव्हे, एवढं त्यांनी ओळखलं आणि १९२६ साली लिहून ठेवलं. ती मुलगी वयात आली आणि चौथ्या पाळीत रक्त जाऊन वारली.

पुढची पंचेचाळीस वर्षं हा आजार आणि हिमोफिलिया यांचं नातं कुणाला नीट उलगडत नव्हतं. गोंधळ खराच होता. १९५३ साली अमेरिकेत असं दिसलं की फॉन विलेब्रँडच्या रुग्णांतही फॅक्टर ८ कमीच असतो. मग दोन्हींत फरक काय? १९५७ च्या सुमारास स्वीडनमध्ये इंगा मारी निल्सन आणि मार्गारेटा ब्लोम्बेक यांनी रक्तद्रवाचा एक अंश अशा रुग्णांना दिला, तर फॅक्टर ८ ही वाढला आणि रक्तही थांबलं. त्याहून चमत्कारिक म्हणजे हिमोफिलियाच्या रुग्णाच्या रक्तातून काढलेला तसाच अंश दिला तरी तोच गुण आला. ज्याच्याजवळ फॅक्टर ८ नाही, त्याच्या रक्तानं दुसऱ्याचा फॅक्टर ८ वाढला! रक्तात आणखी काहीतरी होतं, पण ते कुणाच्या हाताला लागत नव्हतं. त्या वेळच्या तपासण्या सगळ्या कामावरून चालायच्या: रुग्णाचं रक्त मिसळायचं, किती सेकंदांत गोठतं ते पाहायचं आणि त्यावरून घटकाचा अंदाज बांधायचा. वस्तू थेट पाहण्याची सोय नव्हती.

ती सोय सशांनी केली. क्लीव्हलंडमध्ये थिओडोर झिमरमन, ऑस्कर रॅटनॉफ आणि पॉवेल यांनी माणसाच्या रक्तातून जमेल तितका शुद्ध केलेला फॅक्टर ८ सशांना टोचला. सशांनी त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली. ती घेऊन त्यांनी दोन्ही आजारांचे रुग्ण तपासले आणि १९७१ साली निकाल छापला. हिमोफिलियाच्या रुग्णांत, ज्यांचं रक्त गोठत नव्हतं त्यांच्यात, प्रतिपिंडांना त्यांची वस्तू भरपूर सापडली. फॉन विलेब्रँडच्या रुग्णांत ती कमी होती किंवा नव्हतीच.

अर्थ उलगडायला थोडा वेळ लागला. सशांनी प्रतिपिंडं बनवली होती ती मुख्यतः फॅक्टर ८ विरुद्ध नव्हतीच. रक्तात फॅक्टर ८ एकटा हिंडत नाही. तो एका मोठ्या प्रथिनाला चिकटून असतो. त्या मोठ्या प्रथिनाला आज आपण फॉन विलेब्रँड फॅक्टर म्हणतो. एका मिलिलिटर रक्तद्रवात ते सुमारे १० मायक्रोग्रॅम असतं, आणि फॅक्टर ८ त्याच्या शंभरातल्या एक-दोन भागांइतकाच. शुद्ध केलेल्या द्रवातलं बहुतेक वजन या मोठ्या प्रथिनाचं होतं, म्हणून सशांनी त्यालाच ओळखलं. मोठं प्रथिन नसेल तर फॅक्टर ८ रक्तात टिकत नाही, म्हणून फॉन विलेब्रँडच्या रुग्णांत दोन्ही कमी. हिमोफिलियात मोठं प्रथिन शाबूत, फॅक्टर ८ तेवढा गैरहजर. स्वीडनमधल्या त्या उलट्या प्रयोगाचं उत्तरही हेच. दोन आजार अखेर एकमेकांपासून सुटे झाले.

*

सशांची प्रतिपिंडं वापरून मोजणी कशी होई, ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. १९६६ साली स्वीडनच्या माल्मो इथल्या कार्ल-बर्टिल लॉरेल यांनी एक पद्धत काढली. काचेवर समुद्री शेवाळापासून काढलेल्या अगारोजचा पातळ थर ओतायचा आणि थर गरम असतानाच त्यात प्रतिपिंडं मिसळायची. थर घट्ट झाला की त्याच्या एका कडेला ओळीनं बारीक भोकं पाडायची, प्रत्येकात एकेका रुग्णाचा काही मायक्रोलिटर रक्तद्रव भरायचा आणि विजेचा प्रवाह सोडायचा. प्रथिन थरातून पुढं सरकतं, वाटेत प्रतिपिंडं त्याला धरत जातात आणि जिथं दोघांचं प्रमाण जुळतं तिथं पांढरी रेघ उमटते. रात्रभरानं थर वाळवून रंगवला की भोकापासून निघालेलं टोकदार निमुळतं शिखर दिसतं. प्रथिन जितकं जास्त तितकं शिखर उंच. या शिखरांच्या आकारावरून पद्धतीचं नाव ‘रॉकेट’ पडलं. फूटपट्टीनं उंची मोजायची आणि निरोगी माणसाच्या शिखराशी ताडून पाहायची. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांच्या प्रयोगशाळांत पुढची काही वर्षं अशी फूटपट्टी घेतलेली माणसं बसत.

खुद्द फॅक्टर ८ इतका कमी असतो की रॉकेटला तो दिसत नाही. त्याच्यासाठी लागणारं हत्यार रुग्णांनीच दिलं, आणि तेही नको असताना. हिमोफिलियाच्या रुग्णाला बाहेरून फॅक्टर ८ दिला की काहींचं शरीर त्याला परका समजून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. मग औषध लागू पडत नाही. रुग्णासाठी ही मोठीच आपत्ती. पण ही प्रतिपिंडं नेमकी फॅक्टर ८ धरणारी असतात. १९७८ साली अमेरिकेत लाझार्चिक आणि हॉयर यांनी, तर ब्रिटनमध्ये पीक आणि ब्लूम यांनी, अशा रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं किरणोत्सारी आयोडिनानं खुणावून फॅक्टर ८ प्रथमच थेट मोजला.

एव्हाना दोन गोष्टी घडून गेल्या होत्या आणि प्रयोगशाळेचं कामच बदलत होतं. १९७१ साली स्टॉकहोममध्ये एवा एंगवॉल आणि पेटर पर्लमन यांनी एलायझा तपासणी मांडली. त्याच सुमारास नेदरलँडमध्येही तसंच काम झालं. किरणोत्सारी खुणेऐवजी प्रतिपिंडाला रंग उमटवणारं विकर जोडायचं. आठ गुणिले बारा अशा ९६ खळग्यांची प्लास्टिकची थाळी, खळग्यांच्या तळाला चिकटवलेलं एक प्रतिपिंड, त्यावर रक्तद्रव, मग धुणं, मग विकर जोडलेलं दुसरं प्रतिपिंड, पुन्हा धुणं आणि शेवटी रंग. प्रथिन दोन प्रतिपिंडांच्या मध्ये पकडलं गेलं असेल तरच रंग येतो. आणि १९७५ साली केंब्रिजमध्ये जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी एकाच जातीचं, एकसारखं प्रतिपिंड हवं तितकं बनवण्याची युक्ती शोधली. त्यांना १९८४ सालचं नोबेल मिळालं. आता प्रत्येक सशाच्या लहरीवर अवलंबून राहायची गरज उरली नाही.

या एकसारख्या प्रतिपिंडांचं मोल ऐंशीच्या दशकात फार जड रीतीनं कळलं. हजारो रक्तदात्यांचा रक्तद्रव एकत्र करून काढलेल्या फॅक्टर ८ मधून एचआयव्ही आणि काविळीचे विषाणू हिमोफिलियाच्या हजारो रुग्णांपर्यंत पोचले. फॅक्टर अधिक शुद्ध करायला हवा होता, आणि झिमरमन आणि कॅरल फल्चर यांनी १९८२ साली तो प्रतिपिंडांच्याच आधारानं वेगळा करून दाखवला. सशांपासून सुरू झालेलं काम औषधाच्या कारखान्यापर्यंत गेलं. १९८४ साली फॅक्टर ८ चं जनुक हाती आलं आणि पुढच्या दशकात माणसाच्या रक्ताविना बनवलेला फॅक्टर बाजारात उतरला.

*

मुंबईत हे काम नव्वदच्या दशकापासून एनआयआयएचमध्ये नेटानं चाललं. डॉ. दीपिका मोहंती, डॉ. कांजाक्ष घोष, डॉ. श्रीमती शेट्टी यांच्यासारख्या संशोधकांनी फॅक्टरची मोजणी, फॅक्टरविरोधी प्रतिपिंडांचा शोध, घराण्यांतल्या वाहक स्त्रियांची तपासणी, गर्भातल्या बाळाचं निदान असं सगळं एका छताखाली आणलं. राज्याच्या कानाकोपऱ्यांतून माणसं परळला येऊ लागली.

माणसं का, आणि नळ्या का नाहीत? या तपासणीचं रक्त निळ्या टोपणाच्या नळीत घेतात. तिच्यात आधीच ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असतं. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. नळी खुणेपर्यंत भरली नाही तर प्रमाण बिघडतं आणि निरोगी माणूसही आजारी दिसतो. मग नळी वेगानं फिरवून रक्तद्रव वेगळा काढायचा आणि तो सुमारे चार तासांत तपासायचा, नाही तर खूप खालच्या तापमानाला गोठवून ठेवायचा. गोठवलेला वाटेत वितळला तर सगळं मुसळ केरात. फॅक्टर ८ इतका नाजूक की येडशीहून मुंबईच्या साधारण चारशे किलोमीटरांत त्याचा भरवसा राहत नाही. म्हणून सुजलेल्या गुडघ्याच्या पोराला घेऊन आईबापच निघत. गाडीभाडं, दादर-परळचा मुक्काम, बुडालेली मजुरी, आणि रिपोर्ट दुसऱ्या खेपेला. ज्यांना हे झेपलं त्यांच्या आजाराला नाव मिळालं. ज्यांना झेपलं नाही त्यांच्या घरी ‘याच्या अंगात उष्णता आहे’ एवढ्यावर भागवलं गेलं.

प्रतिपिंडांवर चालणारी तपासणी खेड्यापर्यंत नेता येते, हे मात्र याच पट्ट्यानं आधी दाखवून दिलं होतं, दुसऱ्या एका आजाराच्या बाबतीत. १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांच्या ५२ समूहांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. त्यातली एचपीव्ही विषाणूची तपासणी विषाणूच्या डीएनएला आरएनए जोडून ती जोडी प्रतिपिंडानं पकडायची, अशी होती. गावात नमुने घेतले जात आणि बार्शीत तपासले जात. २००९ साली निष्कर्ष आले: एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणी मिळाली नाही, यावरून पुढं वादही झाला आणि तो रास्त होता. पण गावातला नमुना आणि तालुक्याची प्रयोगशाळा यांच्या भरवशावर जगानं तपासणीचं धोरण बदललं, हेही खरं.

रक्त गोठण्याशी संबंधित पहिली प्रतिपिंड-तपासणी धाराशिवच्या घराघरांत ऐकू आली ती करोनात. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत लोक एकमेकांना ‘डी-डायमर किती आला?’ विचारत होते. गुठळी विरघळताना फायब्रिन या प्रथिनाचे जे तुकडे रक्तात सुटतात, त्यांतला एक म्हणजे डी-डायमर. १९८३ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन इथल्या संशोधकांनी त्यालाच धरणारं एकसारखं प्रतिपिंड बनवलं आणि त्यातून ही तपासणी निघाली. ज्या जिल्ह्यात फॅक्टर ८ चं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, तिथं तीन-चार महिन्यांत डी-डायमर बोलीभाषेत शिरला. त्याच काळात दुसरी एक वस्तूही ओळखीची झाली: नाकातला नमुना टाकल्यावर पंधरा मिनिटांत एक किंवा दोन रेघा दाखवणारी पट्टी.

फॅक्टर ८ साठी एनआयआयएचनं तशीच पट्टी बनवली. बंगळुरूच्या भट बायोटेक या कंपनीबरोबर मिळून तयार केलेल्या या संचाला देशाच्या औषध महानियंत्रकांची मान्यता मिळाली आहे. कागदी पट्टीवर फॅक्टर ८ आणि फॉन विलेब्रँड फॅक्टर यांना धरणारी प्रतिपिंडं आधीच चिकटवलेली असतात. नमुन्याचे थेंब टाकले की द्रव पट्टीवरून सरकतो आणि प्रथिन जागेवर असेल तर त्याची रेघ उमटते. अर्ध्या तासाच्या आसपास उत्तर मिळतं आणि खर्च प्रयोगशाळेतल्या तपासणीच्या मानानं बराच कमी. क्लीव्हलंडच्या सशांनी १९७१ साली जो फरक दाखवला होता, तोच फरक आता तालुक्याच्या रुग्णालयातल्या टेबलावर दिसू शकतो.

*

इथं या पट्टीची मर्यादाही सांगायला हवी. आधारकार्डावरून माणसाची ओळख पटते, तो कामाला किती उपयोगी आहे ते कळत नाही. प्रतिपिंडाचं तसंच आहे. हिमोफिलियाच्या काही रुग्णांत फॅक्टर ८ असतो, पण बिघडलेला. फॉन विलेब्रँडच्या एका प्रकारात प्रथिनाचं प्रमाण नीट असतं, काम मात्र अधुरं. अशांच्या पट्टीवर रेघ उमटेल आणि आजार तसाच दडून राहील. त्यांच्यासाठी कामावर चालणाऱ्या जुन्या तपासण्याच लागतात. फॉन विलेब्रँडचं काम तपासण्यासाठी आजही रिस्टोसेटिन वापरतात. हे मुळात एक प्रतिजैविक. रुग्णांच्या रक्तातल्या बिंबिका त्यानं एकमेकींना चिकटू लागल्या म्हणून ते औषध म्हणून मागं घेतलं गेलं. १९७१ सालीच हॉवर्ड आणि फर्किन यांनी त्याच दोषाचं प्रयोगशाळेत तपासणीत रूपांतर केलं. म्हणून पट्टीवर रेघ आली नाही तर पुढं पाठवायचं, आणि रेघ आली तरी त्रास खरा असेल तर तरीही पुढं पाठवायचं. पट्टीमुळं परळची खेप टळत नाही. कुणी ती खेप करायची ते मात्र लवकर ठरतं.

हिमोफिलियाच्या मुलांसाठी गेल्या काही वर्षांत बरंच घडलं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश झाला, राज्यातल्या अनेक जिल्हा रुग्णालयांत डे-केअर केंद्रं सुरू झाली आणि फॅक्टर मोफत मिळू लागला. फॅक्टर ८ चंच काम करणारं एक प्रतिपिंड, एमिसिझुमॅब, २०१७ पासून औषध म्हणून वापरात आलं. ज्याच्यामुळं फॅक्टर सापडला, तेच आता त्याची जागा चालवतं.

बायकांच्या वाट्याला यातलं थोडंच आलं. हिमोफिलिया मुलग्यांचा, म्हणून त्याच्यावर नजर गेली. फॉन विलेब्रँडचा आजार स्त्री-पुरुष दोघांनाही होतो, पण त्रास बायकांचा जास्त, कारण त्यांना दर महिन्याला रक्तस्रावाला सामोरं जावं लागतं. आलांडच्या त्या मुलीचा जीव पाळीतच गेला होता. मराठवाड्यात जास्त अंगावरून जाणाऱ्या बाईला ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला किती सहज मिळतो, हे २०१९ साली उघड झालं. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. या बायकांना रक्तस्रावाचा आजार होता असा याचा अर्थ नाही. मजुरी, मुकादमाचा दंड, कारखान्यावरची पालं, पाण्याचे हाल अशी त्यामागं बरीच कारणं आहेत. पण जास्त रक्तस्राव होणाऱ्या बाईला दुसरं काही विचारण्याआधीच ऑपरेशनचं टेबल दाखवलं जातं, एवढं त्यातून नक्की दिसतं. आणि जिचं रक्तच नीट गोठत नाही, तिच्यासाठी ते टेबल सगळ्यात धोक्याचं. अशा बाईला लहानपणी दात पडताना, नाकातून, बाळंतपणात रक्त किती गेलं, घरात आणखी कुणाला असं होतं का, हे चार प्रश्न आधी विचारले पाहिजेत, आणि उत्तरं तशी आली तर पट्टीवर थेंब टाकला पाहिजे. हेलसिंकीच्या डॉक्टरांनी शंभर वर्षांपूर्वी हेच केलं होतं, त्यांच्याजवळ पट्टी नसताना. येडशीच्या चौकातून सोलापूरला, बार्शीला, लातूरला जाणारे रस्ते आता रुंद झाले आहेत. त्यांतल्या कुठल्याही रस्त्यावरच्या रुग्णालयात ही चौकशी पिशवी काढण्याआधी व्हायला हवी, काढल्यानंतर नव्हे.